फार शहाणी मुलगी

बाळा, जरा असं समज की तू तीन वर्षांची आहेस. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर कॉफीचं दुकान आहे, तिथे तुला उंच खुर्चीवर बसवलंय. बर्फात घालायचा तुझा जाड पोशाख कमरेपर्यंत उतरवलाय आणि त्याच्या रिकाम्या बाह्या खुर्चीच्या दोन्ही बाजूंना लोंबतायत. समोर ताटलीत गोड पाव आहे, त्याला वेलदोड्याचा वास येतोय, वर साखरेचे टपोरे पांढरे दाणे आहेत. तुला पाव नकोय, त्यातला एकच दाणा हवाय. तू हात पुढे करतेस. आणि तेवढ्यात पोटात कुणीतरी ओला पंचा पिळावा तसं होतं. आता तू काय करशील? लगेच उत्तर देऊ नकोस. दुखतंय हा शब्द तुला येतो हे खरं, पण दुखत असतं तेव्हा शब्द कुठे ठेवलेत तेच सापडत नाही. मोठ्यांचंही तसंच होतं. रडशील? सकाळपासून जो तो म्हणतोय, किती शहाणी मुलगी, जरा म्हणून रडत नाही. मग तू बहुतेक त्या मुलीनं केलं तेच करशील. तिचा हात दाण्यापर्यंत पोचायच्या आधी हवेत थांबला. गुडघे वर आले. ओठांभोवतीची कातडी कागदासारखी पांढरी झाली. आणि ती तशीच थांबून राहिली, पाऊस थांबायची वाट बघत आडोशाला उभं राहावं तशी.

हे पलीकडच्या टेबलावरून इर्मेलीनं पाहिलं. इर्मेली त्याच हॉस्पिटलात मुलांच्या तातडीच्या विभागात डॉक्टर होती. तिची ड्यूटी संपली होती, घरी जायचा कोट अंगावर चढला होता, कॉफीचा पहिला घोट तोंडात होता. खिडकीबाहेर गोठलेलं तळं फेब्रुवारीच्या उन्हात चकाकत होतं आणि ती मनाशी घरी जाऊन काय शिजवायचं ते ठरवत होती. मग तिला तो हवेत थांबलेला हात दिसला आणि घोट गिळायचा राहून गेला. हात पुन्हा हलला. मुलीनं दाणा उचलला, पण तोंडात घातला नाही. तो टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसली. तिच्या मनगटावर कागदी पट्टा होता. म्हणजे वरून तपासून खाली आलेली. म्हणजे कुणीतरी हिला बघितलंय, घरी जा म्हणून सांगितलंय. इर्मेलीनं स्वतःला बजावलं, कॉफी पी. तुझी ड्यूटी संपलीय. शेजारी बाप बसला होता, तिशीचा, दाढी वाढलेली, टोपी हातात चुरगाळत दारातून टॅक्सी दिसते का ते बघत होता. मुलीला काय झालं ते त्यानं पाहिलंच नव्हतं. की पाहिलं होतं आणि सवयीचं होतं? इर्मेलीला दुसरी शक्यता आवडली नाही. आवडली नाही म्हणूनच तिचा विचार त्या शक्यतेपाशी थांबला.

वर विभागात तिची चेष्टा व्हायची. वसंतात ती निवृत्त होणार होती आणि तरुण मंडळी म्हणायची, इर्मेलीपुढे सर्दीचं पोर आणलं तरी ती आधी विचारेल, नाक याचंच आहे ना? तीही हसायची. पण हा आठवडाभर तिला हसू येत नव्हतं. गावातल्या प्रत्येक पाळणाघरात उलट्यांची साथ होती. सकाळपासून रांग, प्रत्येक मूल पांढरंफटक, प्रत्येक आईच्या मांडीवर बादली. दारातल्या नर्सनं लिहायचं 'पोटाचा फ्लू', आतल्या डॉक्टरनं वाचायचं 'पोटाचा फ्लू', आणि मूल आत येऊन बसायच्या आधी तो शब्द खुर्चीवर बसलेला असायचा. त्या शब्दाला उठवून मुलाला बसवायला वेळ लागतो. साथीत तेवढा वेळ कुणापाशी नसतो. आणि साथीत खरंच शंभरातल्या नव्याण्णवांना तेच असतं, हीच तर पंचाईत. ती लहान असताना हिवाळ्यात वडिलांबरोबर तळ्यावरून चालत पलीकडच्या काठाला जायची. वडील दर काही पावलांवर लोखंडी पहार बर्फावर आपटायचे, आवाज ऐकायचे, मग पुढचं पाऊल. तिला कंटाळा यायचा. समोर दुसऱ्या कुणाच्या पावलांचे ठसे सरळ काठापर्यंत गेलेले दिसायचे. "बाबा, इथून लोक गेलेत की." वडील पहार उचलत म्हणायचे, "काल गेलेत." एवढंच. त्यांना जास्त बोलायची सवय नव्हती. तिला तेव्हा ते भित्रे वाटायचे. शेजारचे लोक घोडागाडीनं जात आणि हे आपले ठक ठक करत. आता पन्नास वर्षांनी कॉफीच्या कपाकडे बघताना तिला तो आवाज स्पष्ट ऐकू आला, आणि तेवढ्यात पलीकडे त्या मुलीचे गुडघे पुन्हा वर आले.

या वेळी इर्मेली नीट बघत होती. दुखणं येतं, चढतं, सोडून देतं. मध्ये मूल चांगलं दिसतं. पण चांगलं म्हणजे कसं? या वयाचं मूल अशा खुर्चीवर पाय आपटतं, पाव कुस्करतं, शेजारच्या टेबलावरची बाई का बघतेय म्हणून टकमक बघतं. ही मुलगी बघत नव्हती. तिची मान हळूच एका बाजूला झुकली होती. इतकी शहाणी मुलं इर्मेलीला आवडत नसत. लोकांना वाटायचं डॉक्टरांना ओरडणाऱ्या पोरांची भीती वाटते. तिला न ओरडणाऱ्यांची वाटायची.

ती उठून त्यांच्या टेबलापाशी गेली. "बसू का?" बाप दचकला आणि त्याच क्षणी त्यानं पायापाशी ठेवलेली एक प्लॅस्टिकची पिशवी टाचेनं खुर्चीखाली सरकवली. इर्मेलीनं ते पाहिलं. "मी वर डॉक्टर आहे, इर्मेली. हिचं नाव?"

"पिल्वी," बाप म्हणाला. मग बऱ्याच वेळानं, "मी यार्क्को."

"पिल्वी, पाव नको का तुला?"

मुलगी दाण्याकडेच बघत राहिली.

"शहाणी आहे," यार्क्को म्हणाला. "त्रास देत नाही कुणाला."

"वर काय म्हणाले?"

"फ्लू आहे म्हणाले. पाणी पाजा, दोन दिवसांत उतरेल. चांगला होता तो डॉक्टर. तरुण आहे."

इर्मेली थांबून राहिली. या भागात प्रश्न विचारल्यावर थांबावं लागतं; लोक पहिलं उत्तर सौजन्यापुरतं देतात आणि तुम्ही उठला नाहीत तर मग खरं बोलतात. ती बापाच्या हातांकडे बघत होती. मोठे हात, नखांत काळं तेल. मग मुलीच्या दंडाकडे, मानेकडे. तिला हे करताना स्वतःचा राग आला, पण नजर थांबेना. पोटावर बसलेला मार बाहेरून दिसत नाही. मूल मग असंच गप्प होतं, असंच पांढरं पडतं, असंच कुणाला त्रास देत नाही. आणि बाप नजर देत नाही, पिशवी लपवतो. तिनं अशी माणसं पाहिली होती, सभ्य, टोपी हातात घेतलेली. "आई कुठेय हिची?"

"बोटीवर. स्वीडनच्या बोटीत स्वयंपाकघरात असते. एक आठवडा तिकडे, एक आठवडा घरी." तो पुन्हा दाराकडे बघू लागला. "टॅक्सी येईल आता."

"पिल्वीला कालपासून असं होतंय का? मध्येच आखडून जाते, गुडघे वर घेते?"

 मागे कॉफीचं यंत्र फुसफुसून थांबलं. "पहाटेपासून," तो म्हणाला. "येतं आणि जातं. वर नेली तेव्हा गेलं होतं. तो विचारत होता, आत्ता दुखतंय का? तर म्हटलं, आत्ता नाही. आत्ता नव्हतंच."

"मध्ये मध्ये दुखतं, हे सांगितलंत?"

"त्यानं विचारलं नाही. बाहेर इतकी मुलं होती." मग खाली बघून, "उगाच कशाला आपणच मोठं करून सांगायचं."

इर्मेलीनं खुर्चीखाली बघितलं. "त्या पिशवीत काय आहे?"

त्याची मान लाल झाली. कानापर्यंत. "काही नाही. तिचे कपडे."

"बघू."

"घाण आहेत हो. घरी धुणार आहे मी." त्याचा आवाज खाली गेला. "टेबलावर नका काढू. लोक खातायत."

तिला वाटलं, आता कळेल. काय कळेल ते तिनं मनातही पुरतं उच्चारलं नव्हतं. तिनं वाकून पिशवी उचलली आणि तोंड जरासं उघडून आत पाहिलं. मुलांचे लोकरीचे पायमोजे, कमरेपर्यंत येणारे, गुंडाळलेले. त्यावर मोठा काळपट जांभळा डाग. वास आंबूस. "वाटेत झालं तिला," यार्क्को म्हणाला. "बायकोनं फोनवर सांगितलं, पोट बिघडलंय तर ब्लूबेरीचं सार दे. तर काल रात्री आणि सकाळी तेच दिलं. सगळं जांभळं झालं. उलटीसुद्धा. वर विचारलं त्यांनी, रक्त पडलं का, तर म्हटलं नाही, ब्लूबेरी आहे. दाखवायची लाज वाटली."  मारणारा माणूस असा लाजत नाही, असं इर्मेलीला वाटलं. आणि लगेच वाटलं, हे तुला कसं माहीत? दोन्ही संशय एकमेकांशेजारी बसून राहिले. पण आता तिसरा त्यांच्या पुढे झाला होता. ब्लूबेरीचं सार. इथे कोण देत नाही ते? तिच्या आईनं तिला दिलं होतं, तिनं आपल्या मुलाला. रोज दहा आया हेच सांगतात आणि ऐकणारा प्रत्येकजण मान हलवतो, कारण प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात तो डाग पडलेला असतो. त्याच्याकडे कुणी बघत नाही.

पिशवी घेऊन बाथरूमकडे जाताना तिनं दुकानातल्या बाईकडे चिमूटभर खायचा सोडा मागितला. "कशाला?" बाई म्हणाली. "बाथरूममध्ये केक करणार आहेस?"

"झाला तर तुला पहिला तुकडा," इर्मेली म्हणाली.

बेसिनपाशी तिनं ते मोजे उलगडले. लहानपणी ऑगस्टमध्ये आई त्यांना सगळ्या भावंडांना जंगलात न्यायची, बादल्या भरभरून बेरी तोडायला. संध्याकाळी हात कोपरापर्यंत जांभळे. आई धुण्याचा पिवळा साबण द्यायची आणि मग मजा व्हायची. फेस निळा, मग हिरवट निळा, सगळी भावंडं बोटं नाचवत एकमेकांना भुतं म्हणून भिववायची. आंबट लिंबू पिळलं की तेच पाणी पुन्हा गुलाबी. आई म्हणायची, ब्लूबेरीला स्वतःचा रंग नाही, ती समोरच्याचा बघून ठरवते. बाळा, तू घरी करून बघ कधीतरी, जांभळ्या कोबीच्या पाण्यानंही होतं. रक्ताला मात्र तसं करता येत नाही. इर्मेलीनं सोडा ओल्या बोटानं डागावर चोळला. कडेचा भाग हळूहळू निळा झाला, मग शेवाळासारखा. मधला भाग झाला नाही. तो तसाच राहिला, तांबूस, बुळबुळीत, शिजवून गार झालेल्या जेलीसारखा चकाकणारा. तिनं पुन्हा चोळलं. ही तपासणी नाही, तिनं स्वतःला सांगितलं, हा लहानपणीचा खेळ आहे. याच्यावर कुणी काही ठरवत नाही. पण मोजे तिनं जपून पुन्हा पिशवीत ठेवले. नळ सुरूच राहिला होता, तो तिनं बंद केला.

बाहेर टॅक्सी आली होती. यार्क्को मुलीच्या बाह्या चढवत होता आणि मुलगी चढवू देत होती, कापसाच्या बाहुलीसारखी. "जायचं नाही," इर्मेली म्हणाली. "वर चला."

"टॅक्सीला थांबवू का?"

"नको. जाऊ दे तिला."

तेव्हा पहिल्यांदा त्यानं तिच्या डोळ्यांत पाहिलं.  मुलीला उचलून खांद्यावर घेतलं आणि चालू लागला, पोशाखाची एक बाही मोकळी लोंबत होती.

ओत्सो, तो तरुण डॉक्टर, संगणकापाशी उभ्यानंच सँडविच खात होता. चांगला मुलगा, हुशार, मुलांशी बोलताना जमिनीवर बसणारा. "इर्मेली? तू गेली नाहीस अजून? की निवृत्तीची तालीम करतेयस, जायचं आणि परत यायचं?" मग त्यानं मागे बघितलं. "पिल्वी? काय झालं?"

"आतड्यात आतडं शिरलंय असं मला वाटतं," इर्मेली म्हणाली. "सोनोग्राफी करू या. आत्ता."

त्याचा चेहरा बदलला. रागावला नाही, पण आखडला. "मी पोट दाबून पाहिलं होतं. मऊ होतं. ती दुखतंय म्हणाली नाही."

"कधी दाबलंस?"

"सकाळी. आणि ती अगदी..." तो थांबला. "अगदी शांत होती."

"हो ना."

"आणि ती तीन वर्षांची आहे. ते तान्ह्यांना होतं."

"बहुतेक वेळा."

त्यानं तिच्या अंगावरच्या कोटाकडे पाहिलं. इर्मेलीला त्याच्या मनात चाललेलं दिसत होतं. तो आता तिच्यावरच संशय घेत होता, म्हातारीला घरी जायला जड जातंय, साथीत एखादं भूत शोधून काढायचंय. घेऊ दे. तिलाही तोच संशय येत होता. आतून, अगदी कॉफीच्या टेबलापासून. तिनं पिशवी त्याच्या हातात दिली. "ब्लूबेरी," तो म्हणाला आणि मग मोजे उलगडून त्यानं मधला भाग उजेडात धरला. सँडविच त्यानं कीबोर्डवर ठेवून दिलं.

अंधाऱ्या खोलीत पडद्यावर करडा पाऊस पडत होता आणि त्यात ते दिसलं. वर्तुळात वर्तुळ, त्यात आणखी एक, झाडाचं खोड आडवं कापल्यासारखं. तू स्वेटर काढताना घाईत बाही आत ओढली जाते ना, तसं आतड्याचा एक तुकडा पुढच्या तुकड्याच्या आत ओढला जातो. तो बाहेर काढला नाही तर आतल्याचं रक्त बंद होतं, तो मरतो, आणि मग मूलही. ओत्सो यंत्र धरून होता. तो फार हळू श्वास घेत होता. "मी घरी पाठवलं हिला," तो म्हणाला.

"टॅक्सी उशिरा आली," इर्मेली म्हणाली. तिला आणखी काही म्हणायचं होतं, धीराचं, पण ते खरं असेल का याची तिला खात्री नव्हती म्हणून ती थांबली. यार्क्को भिंतीपाशी उभा होता. त्याला त्यांनी समजावून सांगितलं. तो ऐकत होता आणि मान हलवत होता, आणि शेवटी म्हणाला, "म्हणजे ते रक्त होतं."

"काही होतं. काही ब्लूबेरीच होती."

"मी नाही म्हणालो त्यांना."

"तुम्हाला दिसलं ते तुम्ही सांगितलंत," ती म्हणाली. मग, कारण तेवढं सांगायचं राहिलं होतं, "मी तुमच्याबद्दल खाली भलतंच मनात आणलं."

त्यानं विचार केला. "माझ्याबद्दल? पिशवीमुळे?"

"हो."

"आणायलाच हवं," यार्क्को म्हणाला. "माझ्या गॅरेजात कुणी अशी पिशवी लपवली तर मीही आणीन." आणि आश्चर्य म्हणजे तो जरासा हसला, मग हसू मध्येच विसरला.

त्यांनी हाताला सुई लावली, क्ष-किरणांच्या खोलीत नेलं. मागच्या बाजूनं हळूहळू हवा भरतात, ती हवा आत शिरलेल्या तुकड्याला मागे ढकलत नेते. बाहेर शस्त्रक्रियेचा डॉक्टर तयार उभा होता, नाही जमलं तर पोट उघडायला. सुई टोचताना मुलगी रडली नाही. सगळ्या खोलीत तेवढीच गोष्ट इर्मेलीला सहन होत नव्हती. पडद्यावर त्या तुकड्याची काळी सावली मागे सरकली, अडकली. कुणीतरी दाब थोडा वाढवला. सावली अडकूनच राहिली. यार्क्को किरणांपासून बचावाचा शिशाचा जड अंगरखा घालून मुलीचं डोकं दोन्ही हातांत धरून होता आणि काहीतरी पुटपुटत होता, बहुतेक गाडीच्या सुट्या भागांची नावं, तिला झोपवताना म्हणत असेल ती. मग एकदम, काहीही आवाज न होता, हवा पुढे पसरली, फांद्यांत वारा शिरावा तशी. खोलीतल्या माणसांनी श्वास सोडले. ओत्सोनं भिंतीला टेकून डोळे मिटले. शस्त्रक्रियेवाला म्हणाला, "मग मी जेवायला जाऊ ना?" आणि सगळे वाजवीपेक्षा जास्त हसले.

इर्मेली हसली नाही. सुटलेलं आतडं काही मुलांत पुन्हा आत जातं, त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, आणि तेव्हा सगळ्यांना आधीच बरं वाटलेलं असतं. आता खुर्चीवर नवा शब्द बसला होता: 'बरी झाली'. तिनं कोट काढला आणि पिल्वीच्या पलंगाशेजारी बसली. ओत्सो दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला, "सकाळपासून पाहिलेल्या सगळ्यांना फोन करतोय मी. येतं आणि जातं का, एवढंच विचारतोय." ती म्हणाली, "कर." बाप खुर्चीतच झोपला, तोंड उघडं. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढत गेलं, मग तांबूस झालं. तिनं मुलीच्या पोटावर हलकेच तळवा ठेवला होता आणि ती त्या तळव्यानं ऐकत होती. मऊ होतं. पण सकाळीही मऊ होतं. मुलीचा रंग परत आला होता, की उन्हाचा होता? श्वास सारखा होता. सारखेपणावर किती विसंबायचं? तिला वाटलं, असंच आयुष्यभर आपण मुलांच्या अंगावर हात ठेवून ठक ठक करत राहिलो आणि एकदाही खात्रीनं पाय टेकला नाही. वसंतानंतर हा हात कुठे ठेवायचा? तेवढ्यात तळव्याखाली काहीतरी हललं. ती ताठ झाली. दुखणं परत येतंय, असं तिला वाटलं. ती गुडघ्यांकडे बघू लागली, ओठांकडे, घंटी दाबायला दुसरा हात पुढे केला.

पिल्वीनं डोळे उघडले. आधी छताकडे पाहिलं, मग या अनोळखी म्हातारीकडे, मग आपल्या पोटावरच्या त्या हाताकडे. कपाळाला आठी पडली. सुई नसलेल्या हातानं तिनं इर्मेलीचं एक बोट पकडून उचललं, मग दुसरं, मग सगळा हातच धरून दूर पलंगाच्या कडेला नेऊन ठेवला. "माझं आहे," ती म्हणाली. आणि पालथी झाली, पोट गादीत दाबून, पाय मागे ताणून, आणि पायानं पांघरूण लाथाडून टाकलं.